मंद आचेची विद्या

प्रास्ताविक

कोणत्याही प्रदेशाचे अन्न तेथील हवामान, पिके आणि इतिहास यांतून घडते. ते घडवणारे हात मात्र बहुधा अनामिक राहतात. प्रस्तुत पाठात लखनौ शहरातील अवधी पाककलेची ओळख करून दिली आहे. पाठ वाचताना पदार्थांबरोबरच ते रांधणाऱ्या कारागिरांकडेही लक्ष द्यावे.

मूळ पाठ

गोमती नदीच्या काठी वसलेले लखनौ ही उत्तर प्रदेशाची राजधानी आहे. मराठी माणसाला हे शहर परिचित आहे ते प्रामुख्याने संगीतामुळे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय स्थापन झाले आणि पुढे त्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. लखनौच्या गाण्यात विलंबित लयीला जसा मान आहे, तसाच तेथील स्वयंपाकात मंद आचेला आहे.

अवधचा नवाब असफउद्दौला याने १७७५ साली आपली राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. राजधानीबरोबर दरबार आला आणि दरबाराबरोबर मुदपाकखाना आला. मोगल दरबारातील रीती, इराणी वळणाचे पदार्थ आणि गंगा-यमुनेच्या मैदानातील धान्य, दूध व भाजीपाला यांच्या मिलाफातून अवधी पाककला आकाराला आली.

या पाककलेचा प्राण म्हणजे ‘दम’. रुंद बुडाच्या व अरुंद तोंडाच्या हंडीत अर्धवट शिजलेला पदार्थ भरतात. हंडीवर झाकण ठेवून त्याच्या कडा मळलेल्या कणकेने बंद करतात. मग खाली मंद निखारे आणि झाकणावरही थोडे निखारे ठेवतात. आतली वाफ बाहेर पडू शकत नाही. ती झाकणाखाली साठते, पाणी होऊन पुन्हा पदार्थावर पडते आणि मसाल्यांचा सुगंध हंडीतच राहतो. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात होणारी पोपटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना हे तत्त्व सहज उमगेल. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून ते जाळावर ठेवतात. तेथेही शेंगा शिजतात त्या कोंडलेल्या वाफेवरच.

दम देण्याच्या रीतीविषयी लखनौत एक कथा सांगतात. १७८४ च्या सुमारास उत्तर भारतात भीषण दुष्काळ पडला होता. लोकांना काम मिळावे म्हणून असफउद्दौलाने बडा इमामबाडा बांधण्यास घेतला. हजारो मजुरांसाठी मोठमोठ्या देगांत धान्य, भाज्या व मांस एकत्र घालून, तोंडे बंद करून ते रात्रंदिवस निखाऱ्यांवर ठेवले जाई. एकदा त्या वाफेचा सुगंध नवाबाच्या नाकाशी गेला आणि मजुरांचे अन्न राजाच्या ताटात आले. कथा हृद्य आहे. परंतु ही रीत त्याहून जुनी आहे. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात ‘दमपुख्त’ या पदार्थाची नोंद सापडते. तेव्हा दमाचा जन्म लखनौत झाला असे म्हणता येत नाही. लखनौने त्याला परिपूर्णता दिली, एवढे मात्र खरे.

ही परिपूर्णता देणारे कोण होते? अब्दुल हलीम शरर या लेखकाने विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या लखनौवर उर्दूत लेखमाला लिहिली. ‘गुजिश्ता लखनौ’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत स्वयंपाकघरातील श्रमविभागणी आढळते. देगा घासणारे व हाताखालची कामे करणारे ते ‘देगशो’. मोठ्या प्रमाणावर रांधणारे ते ‘बावर्ची’. आणि थोडकेच, पण अत्यंत नाजूक अन्न रांधून सजवणारे ते ‘रकाबदार’. भट्टीवर रोटी भाजणाऱ्या नानबाईंचा व्यवसाय निराळा होता.

शरर यांनी एका आचाऱ्याची आख्यायिका दिली आहे. हा आचारी असफउद्दौलाकडे नोकरी मागण्यास आला. ‘काय रांधता येते?’ या प्रश्नावर त्याने ‘फक्त उडदाची डाळ’ असे उत्तर दिले. त्याने पगार मागितला दरमहा पाचशे रुपये! शिवाय दोन अटी घातल्या : डाळ हवी असल्यास आदल्या दिवशी सांगावे आणि तयार झाल्याची वर्दी मिळताच जेवायला बसावे. नवाबाने अटी मान्य केल्या. काही महिन्यांनी त्याने डाळ करण्यास सांगितले. डाळ तयार झाली. पण नवाब गप्पांत रंगला होता. आचाऱ्याने तीनदा वर्दी दिली. नवाब उठला नाही, तेव्हा त्याने ती डाळ एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतली आणि तो निघून गेला. पुढे त्या झाडाला पालवी फुटली म्हणतात. पालवीची गोष्ट कोणी खरी मानो वा न मानो. आपल्या कामाची किंमत जाणणारा तो माणूस मात्र लक्षात राहतो. नवाबासाठीही डाळ थांबू शकत नव्हती.

अवधी पदार्थांत तिखटाचा भडिमार नसतो. वेलदोडा, जायपत्री, केशर, केवडा यांचा सुगंध जिभेला हळूच जाणवावा, अशी अपेक्षा असते. खडे मसाले कापडाच्या पुरचुंडीत बांधून रश्शात सोडतात व नंतर काढून घेतात. त्यामुळे मसाल्याचा गंध उतरतो. तो दाताखाली येत नाही. गलौटी कबाबासाठी बारीक वाटलेल्या मांसाला कच्च्या पपईचा वाटा लावतात. पपईतील पपेन हे द्रव्य मांसातील प्रथिनांचे विघटन करते, म्हणून हा कबाब चावावा लागत नाही. दूध, तूप व केशर घातलेली शीरमाल ही गोडसर रोटी अशा पदार्थांबरोबर खातात.

शाकाहारी घरांनीही हीच रीत आपलीशी केली. तुरीच्या डाळीत दूध, साय व दही घालून केलेली सुलतानी डाळ आणि फणसाचे कबाब ही त्याची उदाहरणे होत. हिवाळ्यात चौक भागातील गोल दरवाजापाशी पहाटे ‘निमिष’ विकायला येते. आटवलेले दूध रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस अलगद काढून घेतात. त्यावर केशर व पिस्ते घालतात. ऊन चढले की हा फेस विरतो. म्हणून विकणाऱ्याची रात्र जागरणात जाते आणि खाणाऱ्यालाही लवकर उठावे लागते.

१८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे राहायला गेला. लखनौचा दरबार संपला. कारागिरांचा आश्रय तुटला. परंतु हातातली विद्या कोणाला खालसा करता आली नाही. काही स्वयंपाकी नवाबाबरोबर गेले. कलकत्त्याच्या बटाटा घातलेल्या बिर्याणीचे मूळ तेथेच सांगतात. लखनौत दरबारी चवीचे अन्न बाजारात आले आणि सामान्य माणसाच्या हाती लागले.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी युनेस्कोने लखनौचा समावेश सर्जनशील शहरांच्या जाळ्यात ‘पाककलेचे शहर’ म्हणून केला. भारतात हा मान त्यापूर्वी २०१९ साली हैदराबादला मिळाला होता. तर चीनच्या सिचुआन प्रांतातील चेंगडू या शहराला तो २०१० सालीच लाभला. सिचुआनची चव लखनौच्या अगदी उलट, झणझणीत. तेथील प्रसिद्ध मिरी ही कोकणातील तिरफळाच्याच कुळातली, जीभ बधिर करणारी. तेथे मिरची व बाकल्याच्या दाण्यांचे मिश्रण मातीच्या रांजणांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मुरवतात. चवी भिन्न असल्या, तरी दोन्ही शहरांनी एक जिन्नस सारखाच वापरला आहे. तो म्हणजे वेळ.

ही विद्या प्रामुख्याने कागदावर नव्हे, तर हातातून हातात आली. मसाल्यांची प्रमाणे घराण्यात गुप्त राखली गेली. शिकणारा कोणी उरला नाही, की असे ज्ञान जाणत्याबरोबरच लोप पावते. शहराच्या नावाला मिळालेला मान टिकवायचा, तर निखाऱ्यांपाशी बसणाऱ्या माणसाला योग्य मोबदला, प्रतिष्ठा आणि शिष्य मिळाले पाहिजेत.

शब्दार्थ

मुदपाकखाना – राजवाड्यातील स्वयंपाकघर. देग – मोठे भांडे. वर्दी – निरोप, सूचना. वठलेले – वाळून गेलेले. खालसा करणे – राज्य जप्त करणे.

स्वाध्याय

१. दम देण्याच्या क्रियेत वाफेचे कार्य काय असते, ते स्पष्ट करा.
२. इमामबाड्याच्या कथेतील कोणता भाग आख्यायिका ठरतो? का?
३. ‘नवाबासाठीही डाळ थांबू शकत नव्हती’ या वाक्यातून आचाऱ्याचा कोणता स्वभावविशेष दिसतो?
४. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला अंदाजाने करता येणारा पदार्थ निवडा. तो करताना त्यांच्याजवळ बसून साहित्य, प्रमाण व कृती लिहून काढा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा आणि नोंदीखाली त्यांचे नाव लिहा.