कोकराची जन्मवेळ

चंदीगडच्या सेक्टर ३२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. अशा रुग्णालयात एखाद्या गर्भवतीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, तर तिला डेक्सामेथासोन या औषधाची इंजेक्शने दिली जातात. मात्रा सहा मिलिग्रॅमची, बारा-बारा तासांच्या अंतराने, एकूण चार वेळा. सुई आईला टोचली जाते. औषध मात्र असते पोटातील बाळाच्या फुफ्फुसांसाठी. या उपचाराचा शोध मेंढीच्या गर्भाचा अभ्यास करताना लागला.

मेंढी सुमारे पाच महिन्यांनी विते, हे आपल्याकडील कोणताही धनगर सांगेल. पण दिवस भरल्याचे ठरवते कोण? आई, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात तो निर्णय कोकराचा असतो.

कोकराच्या प्रत्येक मूत्रपिंडाजवळ एक लहानशी अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या बाह्यभागात कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक तयार होते. गर्भावस्थेच्या मधल्या काळात ही ग्रंथी जवळजवळ निद्रिस्त असते. पुढे कोकराचा मेंदू परिपक्व होतो, मेंदूतील अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला चेतना देतो आणि पीयूषिकेतून एसीटीएच हे संप्रेरक रक्तात उतरते. त्याने अधिवृक्क ग्रंथी जागी होते, वाढते आणि कॉर्टिसॉल अधिकाधिक स्रवू लागते. एरवी कॉर्टिसॉल वाढले की पीयूषिका आपला हात आखडता घेते. जन्माआधीच्या शेवटच्या दिवसांत मात्र हा लगाम सैल पडतो आणि दोन्ही संप्रेरके बरोबरीने वाढत जातात. निसर्गाची ही योजना खरोखर विलक्षण आहे.

हे कॉर्टिसॉल दोन कामे करते. मेंढीच्या वारेत ते एक विकर जागे करते. त्यामुळे गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन घटते, इस्ट्रोजेन वाढते आणि कळा सुरू होतात. त्याच वेळी ते कोकराची फुफ्फुसे श्वासासाठी सिद्ध करते. (स्त्रीच्या वारेत हे विकर नसते, म्हणून मानवी प्रसूती अगदी याच वाटेने सुरू होत नाही. फुफ्फुसांची गोष्ट मात्र दोघांत सारखी आहे.)

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात गर्भातील कोकराची पीयूषिका नष्ट करून पाहिली. दिवस उलटून गेले तरी मेंढी विलीच नाही. उलट, गर्भाला एसीटीएच किंवा कॉर्टिसॉल दिल्यावर ती वेळेआधी व्याली. अशी एक अपुऱ्या दिवसांची कोकरे जन्मल्यावर श्वास घेताना आढळली, तेव्हा लिगिन्स चकित झाले. इतक्या कोवळ्या फुफ्फुसांत हवा शिरणे अपेक्षितच नव्हते. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी २८२ मातांवरील चाचणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. औषध मिळालेल्या मातांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत श्वसनाचा त्रास व मृत्यू कमी झाले होते. कॉर्टिसॉल वारेतून जाताना बरेचसे निष्प्रभ होते, म्हणून मातेला त्याच जातीचे, पण वार ओलांडणारे औषध द्यावे लागते.

भारत सरकारने २०१४ मध्ये या उपचाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने वैद्यकविश्वाला विचारात पाडले. सहा देशांत झालेल्या त्या अभ्यासात आपल्याकडील नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे होती. गावपातळीवर हे औषध अधिक प्रमाणात दिल्यावर एकूण नवजात मृत्यू घटले नाहीत. दर हजार जिवंत जन्मांमागे ते सुमारे साडेतीनने वाढले. औषध मिळालेल्या अनेक स्त्रिया प्रत्यक्षात पूर्ण दिवसांनीच प्रसूत झाल्या होत्या. पुढे २०२० मध्ये, बेळगावसह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या चाचणीत गर्भाचे वय सोनोग्राफीने नीट ठरवून औषध दिले गेले. तेथे नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांऐवजी १९.६ टक्के आढळले.

म्हणूनच आज इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, सोनोग्राफीचा कागद पाहतात, आईला जंतुसंसर्ग नाही ना याची खात्री करतात आणि नवजात बाळाची देखभाल तेथे होऊ शकेल का, हेही पाहतात.

पाठगत प्रश्न : कोकराची पीयूषिका नष्ट केल्यावर मेंढी वेळेवर का व्याली नाही? तुमच्या शब्दांत लिहा.