सातबारा, आठ-अ आणि कॉम्प्युटरची नोकरी

बारावीचा निकाल लागला की जानेफळसारख्या गावात पालकांची एकच विचारणा असते: पोराला कॉम्प्युटरला टाकलं तर पुढे काम मिळेल का?

उत्तरासाठी घरातली कागदांची पिशवी काढा. सातबारा गटवार असतो, आठ-अ खातेदारवार. जमीन तीच, मांडण्या दोन. शेत विकलं की दुय्यम निबंधकाकडे झालेल्या दस्ताची माहिती ई-फेरफारमधून तलाठ्याकडे येते (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावाच्या तोंडी मात्र तलाठीच). नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. त्याबरोबर आठ-अ बदलला नाही, तर पीककर्जाच्या वेळी बँकेत क्षेत्र जुळत नाही.

सातबाऱ्यांवरून आठ-अ काढणं सोपं: एका खातेदाराचे गट गोळा करा, बेरीज मारा. उलट येताना खरी पंचाईत. बेरीज दोन हेक्टरची दीड झाली, तर अर्धा हेक्टर कोणत्या गटातून गेला? गट सामाईक असेल तर कोणाच्या हिश्शातून? नुसती बेरीज ते सांगत नाही. बांसियों आणि स्पिराटोस या संशोधकांनी १९८१ मध्ये डेटाबेससाठी हाच प्रश्न गणिताने मांडला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी ‘लेन्स’ ही पद्धत आणली: जाण्याचे आणि परतीचे नियम एकाच प्रोग्रॅममध्ये. अटी दोन. काढलेल्या उताऱ्यात (इथे आठ-अ) काही बदललं नसेल तर मूळ नोंद हलता कामा नये. बदललं असेल तर नव्याने काढलेल्या उताऱ्यात तो बदल जसाच्या तसा दिसला पाहिजे. याला द्विदिश रूपांतरण म्हणतात.

या नावाने नोकरीची जाहिरात पेपरात शोधू नका. पद असतं डेटाबेस डेव्हलपर किंवा डेटा इंजिनीअर. बँका, दवाखाने, सरकारी प्रणाली, सगळीकडे नोंदी जुळवायच्याच असतात. त्यासाठी अकरावी-बारावीत गणित सोडू नका. बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र चालेल. अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटी द्यावी लागते. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात शेगावचं गजानन महाराज महाविद्यालय १९८३ पासून आहे. संच, फलन, तर्क आणि एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) पक्कं करा; एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर डेटाबेसची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात.

‘तीन महिन्यांत डेटा सायंटिस्ट’ म्हणणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी पालकांनी विचारावं: डेटाबेस किती तास शिकवता, आणि कोण शिकवतं? सरळ उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका.