सातवीत कॉलेजची तयारी?

प्रश्न : गेल्या वर्षी पुण्याहून बंगळूरला आलो. मुलगा सहावीला इथे बसला, आता सातवीत आहे. इंजिनिअरिंगचा क्लास आत्ताच लावावा का?

उत्तर : ताई, क्लास नको, आधी दाखले जपा. कर्नाटक सीईटीतून सरकारी कोट्याची जागा मिळवायची, तर सर्वसाधारण नियमानुसार पहिली ते बारावीतली किमान सात वर्षे राज्यात शिकलेली हवीत, शिवाय दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण हवी. सहावी ते बारावी मोजा, बरोबर सात भरतात! मध्येच राज्याबाहेर बदली घेतलीत तर हिशेब तुटेल. शाळा बदलली तर आधीच्या शाळेतल्या वर्षांचा दाखला लगेच घ्या.

अभ्यासात अपूर्णांक आणि बीजगणित पक्के करून घ्या. क्लासपेक्षा बंगळूरच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान संग्रहालयातली एक दुपार या वयात मला जास्त मोलाची वाटते.