जमीन आपली की रस्त्याची? पहिला खर्च पंधरा रुपयांचा

नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या जाम चौफुलीवर चार-पाच फुटांच्या पट्टीवरूनही भांडण पेटतं. दुकानापुढची जागा कोणाची, पांधण सरकारी की मालकीची, हे ठरण्याआधीच लोक वकिलाकडे पैसे भरून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिला पैसा कागदाला लावा.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. नावाइतकीच बारकाईने पोटखराबाची, म्हणजे लागवडीखाली न धरलेल्या जमिनीची ओळ वाचा. समजा, एकूण क्षेत्र दीड हेक्टर आणि 'पोटखराब वर्ग ब'पुढे पाच आर. हे पाच आर बहुतेक रस्ता किंवा नाल्यासारख्या सार्वजनिक वापराचे असतात. सातबारा तुमच्या नावावर असला तरी तिथे तारेचं कुंपण घालू नका. मग गावनकाशा पाहा. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडरस्ता, तुटक एकेरी म्हणजे पायवाट. सलग दुहेरी रेघांतला रस्ता सहसा कोणाच्याच सर्व्हे नंबरात धरलेला नसतो.

आपला वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, मालगुजारीचा. त्यामुळे आपल्याकडे निस्तारपत्रक (गावच्या मोकळ्या सरकारी जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन जास्तीचे कागद आहेत. खासगी शेतातून जाण्यायेण्याची वहिवाट वाजिब-उल-अर्जात नोंदलेली असते. पुण्या-नाशिककडच्या सल्लागाराला हे कागद सुचणार नाहीत, म्हणून समुद्रपूर तहसीलमध्ये स्वतः मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, नक्कल पानाला 2 रुपये.

महामार्गाची गोष्ट वेगळी. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम 3 डी ची अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारची होते, मग फेरफार व्हायचा राहिला असला तरीही. चौफुलीजवळ प्लॉट घेताना हीच फसगत होते. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव असतं आणि पुढची पट्टी कधीच संपादित झालेली असते. इसार देण्याआधी संपादनाचा निवाडा आणि संयुक्त मोजणीचा नकाशा मागा. दाखवत नसेल तर व्यवहार थांबवा.

कागद जुळले नाहीत तरच मोजणी. डिसेंबर 2024 पासूनच्या दरांनी ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणी 2,000 रुपये, द्रुतगती 8,000. त्यापुढच्या दर दोन हेक्टरला अनुक्रमे 1,000 आणि 4,000. नियमितला 90 दिवस, द्रुतगतीला 30 दिवस धरले आहेत. कोर्टाची तारीख डोक्यावर नसेल तर 6,000 रुपये जास्तीचे कशाला? मोजणीच्या दिवशी लगतचे धुरेकरी हजर ठेवा, हद्दीच्या खुणा त्यांच्यादेखत पक्क्या करून घ्या आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आल्याशिवाय पाठपुरावा सोडू नका.

मुदत चुकली तर फीपेक्षा मोठं नुकसान होतं. चालू वहिवाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करा. धुऱ्यावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल संहितेचं कलम 143. जागा सरकारी की खासगी हाच वाद असेल तर कलम 20 खाली जिल्हाधिकारी चौकशी करून ठरवतात, आणि तो निकाल मान्य नसेल तर एका वर्षात दिवाणी दावा. सरकारविरुद्ध दाव्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ही नोटीस शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

वकिलाच्या फीला ठरलेला दर नाही. पूर्ण प्रकरणाचा आकडा ठरवा, तारखेगणिक नको, आणि टंकलेखन, नकला, कोर्ट कमिशनर हे त्यात धरले आहेत का ते लिहून घ्या. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे पक्षकार आणि दिव्यांग यांना विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शेत आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने करा.