पेन: उच्चार एक, घरे अनेक

घुग्घुसला कोळशाच्या खाणींनी आणि सिमेंटच्या कारखान्याने दूरदूरची माणसे आणली. मराठीसोबत तेलुगू, हिंदी, गोंडी इथे सहज कानावर पडतात. या गलबल्यात ‘पेन’ या दोन अक्षरांकडून मी जे शिकलो, ते असे.

१. अगदी साध्या वाटणाऱ्या शब्दात कुणाचा तरी देव वसलेला असतो. शाळेत पेन म्हणजे लिहायचे साधन; गोंडीत पेन म्हणजे देव. पर्सापेन हे थोर दैवत, आणि देवाची जागा ती पेनठाणा. आपल्याकडे गोंड कुटुंबांत सोयरीक ठरवताना आधी देव विचारतात: चार, पाच, सहा की सात? देवसंख्या सारखी निघाली, तर ती भावकी. तिथे लग्न होत नाही. म्हणजे पूजा आटोपली तरी देवाचे काम संपत नाही, माणसांची नाती तोच सांभाळतो. भामरागड तालुक्यात पेनगुंडा नावाचे गाव आहे. ते नाव ऐकले की आता मला लेखणी आठवत नाही.

२. सारखे ऐकू येणारे शब्द एकमेकांचे कुणी लागतातच असे नाही. तेलुगूत पेनु म्हणजे ऊ. तमिळमध्ये पेण् म्हणजे स्त्री. आणि रायगडातले पेण तर गणपतीच्या मूर्तींचे गाव! इथे नाते जोडायचा मोह फार होतो, पण तो आवरावा.

३. खरे नातेवाईक बहुधा ओळखू येत नाहीत. इंग्रजीतला पेन लॅटिनमधल्या ‘पेन्ना’वरून आला. पेन्ना म्हणजे पीस. पूर्वी पिसाचे टोक शाईत बुडवून लिहीत. त्याच्याही मागे गेले की उडणे या अर्थाचे मूळ लागते, आणि आपल्या संस्कृतातला ‘पत्’ धातू त्याच मुळाचा. त्यावरून झाले पत्र: पंख, मग झाडाचे पान, मग आपण टपालात टाकतो ते. ज्या पेनाने पत्र लिहायचे, ते त्या पत्राचेच भाऊबंद निघाले! हे कळले त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

४. एका घरचा देव दुसऱ्या घरी भूत होतो. बरो आणि एमेनो यांचा द्रविड भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये निघाला. त्यात गोंडी पेनच्या पंगतीला ओडिशातल्या कुई भाषेतला पेनु, म्हणजे देवच, आणि तमिळमधला पेय्, म्हणजे पिशाच, एकत्र बसले आहेत. संस्कृतात पूज्य असलेला देव पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘दएव’ होऊन दुष्ट ठरला, तसेच हे. दुसऱ्याच्या दैवताला भुताखेतात काढणाऱ्यांना मी ही नोंद आवर्जून सांगतो.

५. शब्दाचे वय कोशातून कळते, आयुष्य मात्र मुलांच्या तोंडी असते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९.८ लाख होते, तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली; मला ही फार मोठी गोष्ट वाटते. तुमच्या शेजारी गोंडी बोलणारे घर असेल, तर तिथल्या आजीजवळ बसा, पाच-दहा शब्द विचारा आणि तिच्याच उच्चारात वहीत उतरवून घ्या.