शेतावरची कचेरी : कल्याण भागात शिकलेला धडा
(सभासद शिक्षण)



बेणे, लागण, खताचे हप्ते, खोडव्याची निगा यांवर या पानांतून आपण पुष्कळ बोललो. आज पिकाविषयी नाही, कागदाविषयी बोलायचे आहे. सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो. आपला शेअरचा दाखला या घटकेला कोठे आहे? उठून दहा मिनिटांत आणता येईल का? गेल्या हंगामातल्या काटा पावत्या? विहिरीच्या कर्जाचा बेबाकी दाखला? वडिलांच्या नावावरून जमीन आपल्या नावावर आली त्या फेरफाराचा नंबर?

बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते. "असेल कुठं तरी. ट्रंकेत बघायला पाहिजे." सातबारा देव्हाऱ्यामागे, पासबुक तांदळाच्या डब्यात, पावत्या खुंटीवरच्या पिशवीत आणि थोरल्या भावाकडे काय आहे ते देवाला ठाऊक! आपला ऊस एकराने मोजतो, टनाने मोजतो, पण त्याचा कागद मात्र आपण अंदाजाने ठेवतो.

कल्याणकडे काय पाहिले

आपल्यातल्या बऱ्याच घरांतला एखादा भाऊ, मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवली भागात आहे. अशाच पाहुण्यांच्या ओळखीने आम्ही कल्याण तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे गेलो होतो. ठाणे जिल्हा उसाचा नव्हे, भाताचा. तिथून उसाविषयी काय शिकणार, असे कोणी म्हणेल. पण जमिनीच्या कागदाची कसोटी त्या भागात आपल्या आधी लागली, म्हणून तिकडचा अनुभव मोलाचा.

कशी ती पाहा. १९५४ साली, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वेनंतर एका वर्षाने, कल्याणला गाडी पोचली असे आपण चुकून लिहिले तर जाणकार लगेच टोकतील, कारण ते साल १८५४. कागदावर एक आकडा चुकला की शंभर वर्षांचा फरक पडतो! तेव्हापासून त्या भागात जमिनीला मागणी वाढतच गेली. दुसऱ्या महायुद्धात नेवाळी परिसरातली जमीन विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली गेली. युद्ध संपले, पण जमीन परत मिळावी ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली आणि जून २०१७ मध्ये तिथे मोठे आंदोलन पेटले. म्हणजे नातवांना सुमारे पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे कागद शोधत फिरावे लागले. डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. भोवतालची २७ गावे तिच्यात आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. समृद्धी महामार्ग शहापूर, कल्याण, भिवंडी तालुक्यांतून गेला आणि त्याचा आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. प्रत्येक वेळी शेतकऱ्याला पहिला प्रश्न एकच, "कागद दाखवा."

आपल्याकडेही २०२४ पासून शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवरून कोल्हापूर-सांगली भागात रान उठले आहे. रस्ता होवो अथवा न होवो, आपण त्याच्या बाजूचे असू वा विरुद्ध, हरकत घ्यायलाही सातबारा लागतो आणि मोबदला घ्यायलाही सातबाराच लागतो.

एका कुटुंबाची हकीकत

आम्ही गेलो त्या कुटुंबाचे गाव व नाव मुद्दाम देत नाही. दोघे भाऊ, दोघी बहिणी. थोरला गावी शेती पाहतो, धाकटा नोकरीला. एक बहीण ठाण्यात, दुसरी मुरबाडकडे दिलेली. आजोबा कूळ होते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारा मालक ठरला आणि पुढे किंमत भरल्यावर ३२ म चा दाखला हाती आला. हा दाखला म्हणजे त्या घराच्या मालकीचा पायाच. वडिलांनी सगळे कागद एका ट्रंकेत घालून "शहरात सुरक्षित राहतील" म्हणून धाकट्याकडे ठेवले. त्याचे घर कल्याणला खाडीच्या बाजूला, तळमजल्यावर.

२६ जुलै २००५ चा पाऊस सर्वांना आठवत असेल. उल्हास नदी फुगली, घरात कमरेच्या वर पाणी आले. माणसे वाचली, पण ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. उघडली तेव्हा दाखल्याचा लगदा झालेला. वडील नुकतेच वारलेले, वारस नोंद व्हायची होती. नकला मिळवण्यासाठी थोरल्याने तहसीलला किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. त्यातही फेरफाराचा नंबर कोणाला पाठ नव्हता, म्हणून जुनी दप्तरे चाळत बसावे लागले. "दादा, चूक माझी," असे धाकटा म्हणाला. थोरला म्हणाला, "चूक तुझी नाही रे. आपल्या कागदाला घरच नव्हते."

मग त्यांनी कागदाला घर बांधले. राहत्या घरापासून दहा पावलांवर दहा बाय बाराची एक खोली. पुढे महामार्गासाठी जमीन घेण्याची बोलणी निघाली तेव्हा चारही वारसांची नावे सातबारावर होती, फाईल तयार होती. त्यांचे काम सरळ झाले. जवळच्याच दुसऱ्या घरात भावाभावांत वाटणीचा वाद होता, बहिणींची नावे लावलेली नव्हती. त्यांचे पैसे अडकून पडले. जमीन सारखी, माती सारखी, फरक फक्त कागदाचा.

थोरले भाऊ हसत म्हणाले, "आमच्या भागात शेतावर ऑफिस बांधलं की लोकांना वाटतं, यांनी प्लॉटिंग काढलं. मी सांगतो, बाबांनो, हे जमीन विकायचं ऑफिस नाही, राखायचं आहे."

वेगळी खोली कशासाठी?

एक कपाट घरातच का नको, असे आपण विचाराल. काहीच नसण्यापेक्षा कपाट चांगलेच. पण वेगळ्या खोलीचे तीन फायदे आहेत.

पहिला, घरखर्च आणि शेतीखर्च वेगळे राहतात. एकाच डब्यातून किराणा आणि युरिया दोन्ही निघाले की उसात काय उरले ते वर्षअखेरीला कळत नाही. दुसरा, तोडणी मुकादम, ट्रॅक्टरवाला, व्यापारी, चिटबॉय यांचे बोलणे माजघरात होत नाही. घरातल्या बायामाणसांची अडचण होत नाही. तिसरा आणि मोठा, कागद कोणा एकाच्या मुठीत राहत नाहीत. खोली कुटुंबाची, किल्ली दोघांकडे, वही सर्वांना उघडी. भाऊबंदकीचे निम्मे संशय "दाखवलं नाही" यातून उगवतात.

खोली कशी असावी

१. जागा : घर किंवा वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याकडून दार. खिडकीतून खळे किंवा गाड्यांची जागा दिसावी.

२. जोते : गावाच्या शेवटच्या मोठ्या पुराची खूण पाहून त्याच्या वर घ्यावे. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या सभासदांनी २०१९ च्या ऑगस्टातली पाण्याची रेघ विसरू नये. तेवढे उंच जोते परवडत नसेल तर निदान कागदाचा कप्पा त्या रेघेच्या वर असावा.

३. परवानगी : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे शेतीच्या कामासाठीची इमारत शेतात बांधता येते. पण शहराच्या हद्दीत व तिच्या लगतच्या पट्ट्यात आधी परवानगी लागते. म्हणून पाया खणण्यापूर्वी तलाठ्यांकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) चौकशी करावी. ही खोली शेतीसाठीच वापरावी. पुढे तिथे दुकान थाटले तर नियम बदलतो.

४. वीज : मोटारीच्या जोडणीवरून दिवा-पंखा ओढू नये. खोलीसाठी वेगळी जोडणी मागावी.

५. सामान : एक टेबल, दोन खुर्च्या, आल्यागेल्याला बाकडे, कुलपाचे लोखंडी कपाट, भिंतीवर कॅलेंडर आणि आपल्या गटांचा नकाशा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे, म्हणजे ओल आणि वाळवी लवकर चढत नाही. औषधे, तणनाशके, डिझेल या खोलीत मुळीच ठेवू नयेत.

नवी खोली झेपत नसेल तर पडवीचा एक कोपरा विटेच्या भिंतीने बंद करा, किंवा गोठ्याशेजारची रिकामी खोली साफ करा. इमारत मोठी की लहान याला महत्त्व नाही. तिला दार आणि कुलूप हवे.

सहा फाईली, तीन वह्या

फाईली अशा लावाव्यात. (१) जमीन : सातबारा, आठ अ, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र, मोजणी नकाशा, जुनी कूळजमीन असल्यास ३२ ग चा हुकूम व ३२ म चा दाखला. (२) पाणी व वीज : विहीर, पाणीपरवाना, पाणीपट्टी, वीजबिले. (३) कर्ज : सोसायटी व बँकेचे कागद, भरलेल्या प्रत्येक कर्जाचा बेबाकी दाखला. (४) कारखाना : शेअर दाखला, नामनिर्देशन, ऊस नोंद, काटा पावत्या, बिले. (५) खरेदी : खते, बेणे, औजारे, ठिबकच्या पावत्या व हमीपत्रे. (६) सरकारी योजना : शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणीची नोंद, पीकविमा.

वह्या तीनच पुरेत. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द, मजूर आणि उचलीची हजेरी वही, आणि गटवही. गटवहीत प्रत्येक गटाला दोन पाने : क्षेत्र, जात, लागणीची तारीख, खताचे हप्ते, पाणी, तोडीची तारीख, टनेज. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा हे तोंडी सांगताना चूक होते, वहीत होत नाही.

याचा रोकडा उपयोग पाहा. समजा, खोडव्याच्या गटातून ९ खेपा गेल्या आणि पावत्यांची बेरीज ९७.३५० टन आली. बिलात मात्र ८ खेपा, ८६.१५० टन. फरक ११.२०० टनांचा. टनाला ३,००० रुपये धरले तरी ३३,६०० रुपये! चूक आमच्या कचेरीत होऊ शकते, गाडीवानाकडून पावती दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. पण पावती हातात असेल तर पाच मिनिटांत दुरुस्ती होते, नसेल तर नुसता वाद होतो. तसेच १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रास्त दराचे पैसे द्यायचे असतात. हे दिवस मोजायलाही पावतीवरची तारीखच लागते.

शहरातला भाऊ, सासरची बहीण

कचेरी गावी असली तरी हिस्सेदार चार ठिकाणी असतात. त्यासाठी तो नियम लक्षात ठेवावा जो त्या कुटुंबाने पुरातून शिकला : कागद एक, ठिकाणे तीन. मूळ दस्त बँकेच्या लॉकरमध्ये. एक नक्कल गावच्या कचेरीत. दुसरी शहरातल्या भावाकडे, वरच्या मजल्यावर. शिवाय मोबाईलवर फोटो काढून चौघांना पाठवावेत. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या मिळतो, हे खरे. पण वाटणीपत्र आणि जुने दाखले तसे मिळतीलच असे नाही.

बहिणींविषयी स्पष्ट बोलतो. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे आणि वडील त्या दिवशी हयात असणे गरजेचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये नक्की केले. नाव दडवून कागद सरळ होत नाही, तो अडतो. बहीण आपखुशीने हक्क सोडत असेल तर ते नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने व्हावे. भाऊबीजेच्या ताटात घेतलेल्या सहीने नव्हे. तसेच शेअरवर नामनिर्देशन केले म्हणजे वारसाहक्काचा निकाल लागला असे समजू नये. दोन्ही कामे वेगवेगळी आहेत.

कोणी सांभाळायचे?

आठवड्यातून एक तास. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बसावे. त्या कल्याणच्या घरी हे काम थोरली सून करते. ती बारावी शिकलेली आहे आणि सासऱ्यांची जुनी फाईल पाहून फेरफाराचे नंबर तिने एका पाठकोऱ्या वहीत उतरवले आहेत. आता तहसीलात काम निघाले की दीर डोंबिवलीहून तिलाच फोन करतात, "वहिनी, तो नंबर सांगा." आपल्या घरातही शिकलेल्या लेकीसुना आहेत. त्यांना हे काम द्या, आणि कामाबरोबर किल्लीही द्या.

गळीत हंगाम सुरू झाला की कोणाला सवड नसते. म्हणून मोळी पडण्यापूर्वी निदान जमीन आणि कारखाना या दोन फाईली लावून घ्याव्यात. खोली पुढच्या वर्षी झाली तरी चालेल.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या सातबारावर हयात नसलेल्या कोणाचे नाव अजून आहे काय? वारस नोंद का राहिली?
२. गेल्या हंगामातल्या पावत्यांची बेरीज आपल्या बिलाशी जुळते काय?
३. घरातला कर्ता माणूस उद्या आजारी पडला तर कागद कोठे आहेत हे आणखी कोणाला ठाऊक आहे?

तिसऱ्या प्रश्नाला ज्या घरात उत्तर नाही, त्या घराने कचेरीची सुरुवात आजच करावी.