उंब्रजहून मुंबईला, लंडनमार्गे

पुण्याहून कोल्हापूरकडे निघाले की साताऱ्याच्या पुढे सुमारे ३५ किलोमीटरवर उंब्रज लागते. येथे तारळी नदी कृष्णेला मिळते, येथूनच चाफळ-पाटणकडे जाणारी वाट फुटते, आणि गावाला अगदी खेटून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. जुनी माणसे त्याला अजूनही ‘एन एच फोर’ म्हणतात. त्याचा आजचा क्रमांक ४८ आहे. या रस्त्यावरून रात्रंदिवस वाहने धावत असतात. तामिळनाडूचा मालट्रक, गुजरातची आरामगाडी, स्वारगेटहून सुटलेली एस. टी. या सर्वांतील माणसांच्या खिशात मोबाइल असतो. गाडी क्षणभरही न थांबता उंब्रज ओलांडते, आणि तेवढ्यात कोणी घरी बोलत असतो, कोणी नकाशा पाहत असतो. बोलणे तुटत नाही, नकाशा थांबत नाही. हे कसे साधते?

पहिली गोष्ट ही की मोबाइल ‘बिनतारी’ असतो तो केवळ शेवटच्या टप्प्यात. फोनपासून टॉवरपर्यंतचे एक-दोन किलोमीटर, फार तर आणखी काही, एवढेच अंतर संदेश रेडिओ लहरींवर स्वार होऊन कापतो. टॉवरपासून पुढे बहुधा जमिनीत पुरलेली काचेची तंतुवाहिनी असते आणि तिच्यातून संदेश प्रकाशाच्या रूपाने जातो. उंब्रजहून अमेरिकेला पाठवलेले छायाचित्र आकाशातून उडत जाते अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात ते बहुतेक सारी वाट जमिनीखालून आणि समुद्रतळावरून जाते.

प्रत्येक टॉवरच्या वाट्याला भोवतीचा काही मुलूख येतो. त्याला कोशिका म्हणतात. समजा, महामार्गावर एका कोशिकेची लांबी २ किलोमीटर आहे आणि गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. म्हणजे गाडी १०० सेकंदांत कोशिकेबाहेर पडणार! बोलणे पाच मिनिटे चालले, तर तेवढ्यात दोन-तीन टॉवर मागे पडतात. त्यामुळे फोन बोलत असतानाच आजूबाजूच्या टॉवरांचे संकेत किती जोरकस आहेत हे सतत मोजत असतो आणि ती मापे जाळ्याला कळवत असतो. मागच्या टॉवरचा जोर ओसरला आणि पुढच्याचा वाढला, की जाळे हुकूम देते आणि फोन पुढच्या टॉवरच्या हवाली होतो. रिले शर्यतीत काठी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तसेच हे. फरक इतकाच, की येथे धावणारा तोच राहतो आणि हात बदलतात. डोंगराची सोंड मध्ये आली, किंवा बोगद्यात शिरलो आणि आत अँटेना बसवलेला नसला, तर घ्यायला पुढचा हातच नसतो. मग बोलणे तुटते.

ही झाली वाहत्या गाडीची गोष्ट. पण खरा पेच पुढेच आहे. टॉवर एका कंपनीचा आणि प्रवासी भलत्याच कंपनीचा, भलत्याच देशाचा असेल तर? हा कोण, याला सेवा द्यावी का, आणि पैसे कोण देणार, हे उंब्रजच्या टॉवरला कसे कळावे?

याचे उत्तर नखाएवढ्या सिमकार्डात आहे. सिमकार्डात एक क्रमांक नोंदलेला असतो, सहसा पंधरा अंकी. हा तुमचा फोन नंबर नव्हे. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. ४०४ किंवा ४०५ आले की कार्ड भारतातले, २३४ म्हणजे ब्रिटनचे, २६२ जर्मनीचे, ४४० जपानचे. पुढचे अंक कंपनी सांगतात आणि उरलेले ग्राहक. फोन चालू होताच तो टॉवरला आपली ओळख देतो आणि टॉवरमागची यंत्रणा त्या ग्राहकाच्या ‘घरच्या’ कंपनीला विचारते, “हा तुमचाच का?”

आता कोणीही खोटा क्रमांक सांगेल, म्हणून एक परीक्षा असते. प्रत्येक सिमकार्डात एक गुप्त संख्या दडवलेली असते आणि तिची दुसरी प्रत फक्त घरच्या कंपनीच्या नोंदवहीत असते. घरची कंपनी एक अटकळ न करता येणारी संख्या निवडते, गुप्त संख्येशी तिचे गणित करते, आणि प्रश्न व अपेक्षित उत्तर असे दोन्ही उंब्रजकडे पाठवते. उंब्रजचे जाळे फक्त प्रश्न फोनला देते. सिमकार्ड आतल्या आत तेच गणित करून उत्तर सांगते. दोन्ही उत्तरे जुळली की पाहुणा खरा. मौज अशी, की या साऱ्या व्यवहारात गुप्त संख्या कार्डाबाहेर एकदाही पडत नाही. ज्याने टॉवर उभारला त्यालाही ती कळत नाही.

पाहुण्याची ओळख पटली की घरच्या नोंदवहीत ‘सध्या मुक्काम अमुक ठिकाणी’ अशी नोंद होते. गाव सोडताना पोस्टमास्तरांकडे नवा पत्ता देऊन ठेवावा आणि त्यांनी पत्रे पुढे धाडावीत, तशातलीच ही व्यवस्था आहे. हिलाच रोमिंग म्हणतात. रोमिंगसाठी परदेशीच जावे लागते असे नाही. भारतात दूरध्वनी सेवेची परिमंडळे पाडलेली आहेत आणि त्यांची वाटणी भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे नाही. महाराष्ट्र परिमंडळात गोवा येतो, पण मुंबई येत नाही. ते परिमंडळ स्वतंत्र आहे. म्हणून पूर्वी, जेव्हा देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे पडत, तेव्हा मुंबईत माथाडी काम करणाऱ्या सातारकराचे गावाकडचे कार्ड मुंबईत पाहुणे ठरे. गोव्यात मात्र घरचे! आता देशांतर्गत हा भेद ग्राहकाला जाणवत नाही. देशाची सीमा ओलांडली की तो पुन्हा उभा राहतो.

समजा, लंडनमध्ये राहणारी एक मुलगी सुटीत उंब्रजला आजोळी आली आहे. तिच्या फोनमध्ये लंडनचे कार्ड आहे. शेजारी तिचा मामेभाऊ बसला आहे आणि त्याच्याकडे येथले कार्ड आहे. दोघेही एकाच वेळी कऱ्हाडला जाणाऱ्या गाडीची वेळ शोधतात. ही माहिती मुंबईतील एखाद्या संगणकावर ठेवलेली आहे असे धरू. दोघांचे फोन एकाच टॉवरशी जोडलेले आहेत. दोघांच्या प्रश्नांची वाट एकच असेल ना?

मुळीच नाही. भावाचा प्रश्न टॉवरवरून तंतुवाहिनीत शिरतो, सुमारे ३०० किलोमीटर जाऊन मुंबई गाठतो आणि उत्तर घेऊन परततो. बहिणीचा प्रश्नही मुंबईपर्यंत जातो, पण तेथे तो उघडलाच जात नाही. बंद पाकिटात घालावा तसा तो समुद्राखालच्या केबलमधून लंडनला, तिच्या घरच्या कंपनीच्या दारी नेला जातो. ते पाकीट फोडले जाते तेथे. मग प्रश्न पुन्हा निघतो, मुंबईच्या संगणकाकडे येतो, उत्तर घेऊन लंडनला जातो आणि तेथून पाकीटबंद होऊन पुन्हा उंब्रजला येतो!

थोडी आकडेमोड करू. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर असतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे, म्हणून काचतंतूत हा वेग २ लाखांवर येतो. भावाच्या प्रश्नोत्तराला जाऊन-येऊन ६०० किलोमीटर पडतात, म्हणजे ३ मिलिसेकंद. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. भारतातून लंडनपर्यंतची केबलची वाट सुमारे १०,००० किलोमीटर धरली, तर बहिणीच्या प्रश्नोत्तराला ती चारदा तुडवावी लागते. एकूण ४०,००० किलोमीटर. हा आकडा ओळखीचा वाटला का? तो पृथ्वीचा परीघ आहे. कऱ्हाडच्या गाडीची वेळ विचारायला पृथ्वीप्रदक्षिणा! तिला लागतात २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. हे फार नाही असे वाटेल. परंतु एखादे पान पडद्यावर येण्यापूर्वी फोन आणि संगणक यांच्यात अनेक फेऱ्या होतात. आधी संगणकाचा पत्ता शोधायचा, मग संपर्क जोडायचा, मग गुप्ततेसाठी कुलूपकिल्ली ठरवायची आणि मग कोठे प्रश्न विचारायचा. चार फेऱ्या धरल्या तर भावाची वाट १२ मिलिसेकंदांची, बहिणीची ८०० मिलिसेकंदांची. एकाच टॉवरखाली, एकाच ओसरीवर.

समुद्राखालची ही वाट काही नवी नाही. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली आणि तेथून तांबड्या समुद्रामार्गे मुंबई लंडनशी जोडली गेली. १९९७ साली ब्रिटनपासून जपानपर्यंत गेलेली ‘फ्लॅग’ नावाची काचतंतूंची केबल मुंबईला लागली. तिची वाटही अरबी समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र अशीच होती. सोयीची वाट एकच असली म्हणजे साऱ्यांची गर्दीही तेथेच होते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताचा परदेशांशी चालणारा इंटरनेट व्यवहार कित्येक दिवस विस्कळीत झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातही काही केबली तुटल्या. अशा दिवशी आपल्या उंब्रजच्या ओसरीवर काय होईल? देशातल्या देशात फिरणारा भावाचा प्रश्न बिनघोर मुंबईला जाऊन येईल. बहिणीचा मात्र लांबच्या वळणाने रखडत जाईल.

मग ही प्रदक्षिणा घालतातच कशाला? मुख्य कारण हिशेबाचे. ग्राहक लंडनच्या कंपनीचा आहे. त्याने किती माहिती वापरली, त्याची शिल्लक किती, हे तिला आपल्या दारात मोजायचे असते. उंब्रजचा टॉवर ज्याचा, त्याला ती नंतर ठरलेल्या दराने पैसे देते. हे दर भरमसाट असत. युरोपीय संघाने कायदा करून १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांत रोमिंगचा जादा आकार बंद केला, तेव्हा एका कंपनीने दुसरीकडून किती घ्यावे यावरही मर्यादा घालावी लागली. दर चढे होते ते काचतंतू महाग म्हणून नव्हे, हे यावरून दिसते.

या वाटेचा एक चमत्कारिक परिणाम चीनमध्ये जाणाऱ्या प्रवाशांना अनुभवायला मिळतो. तेथील हॉटेलच्या वाय-फायवर अनेक परदेशी संकेतस्थळे उघडत नाहीत. पण स्वदेशाचे कार्ड घालून रोमिंग चालू केले की तीच संकेतस्थळे उघडतात, कारण बंद पाकीट चीनमध्ये फोडलेच जात नाही. हल्ली प्रवाशांसाठी ‘ई-सिम’ विकत मिळते. त्यात प्लास्टिकचे कार्ड नसते. कार्डातली माहितीच फोनमध्ये उतरवून घेतात. ते घेऊन पॅरिसला गेलेल्या माणसाचे पाकीट कित्येकदा तिसऱ्याच देशात फुटते, आणि संकेतस्थळांना वाटते की हा गृहस्थ त्या तिसऱ्या देशातच बसला आहे.

ओळख घरून पटवायची म्हणून माहितीनेही घरावरूनच जावे, असा निसर्गनियम मात्र नाही. ‘एज्युरोम’ ही विद्यापीठांची वाय-फाय व्यवस्था याचा पुरावा आहे. ती या शतकाच्या आरंभी युरोपात सुरू झाली. भारतात तिचे काम ‘अर्नेट’ ही संस्था पाहते. मुंबईच्या आय. आय. टी.चा विद्यार्थी जर्मनीतील विद्यापीठात गेला तर तेथील वाय-फाय त्याच्या परवलीच्या शब्दाची खातरजमा मुंबईकडून करून घेते. परंतु पुढची सारी माहिती जर्मनीतूनच थेट बाहेर पडते. ओळखीपुरते घर, वाट मात्र जवळची. माझ्या मते प्रवाशासाठी याहून शहाणी व्यवस्था नाही.

मग आपल्या पाहुणीने सरळ गावातले एखादे सार्वजनिक वाय-फाय वापरावे, हे बरे नाही का? बरे, पण तेथे दुसरीच अडचण येते. भारतातील सार्वजनिक वाय-फाय आधी मोबाइल नंबर विचारते आणि त्यावर ओटीपी पाठवते. पुष्कळ ठिकाणी हा नंबर भारतीयच असावा लागतो. परदेशातून आलेला प्रवासी ज्या कामासाठी वाय-फाय शोधतो, तेच त्याच्यापाशी नसते! सर्वांत सोपा उपाय ओसरीवरच आहे. भावाने आपल्या फोनचे हॉटस्पॉट चालू करावे. मग तिचा प्रश्न त्याच्या कार्डावरून जाईल आणि पाकीट मुंबईलाच उघडेल.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. ‘पिंग’ नावाची चाचणी करणारी साधने फुकट मिळतात. फोनने एक छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते पाहायचे. काचतंतूत प्रकाश मिलिसेकंदात २०० किलोमीटर जातो आणि वाट जाऊन-येऊन असते, म्हणून आलेल्या आकड्याला १०० ने गुणले की समोरचा संगणक जास्तीत जास्त किती किलोमीटरवर असू शकेल ते निघते. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण टॉवरपर्यंतच्या रेडिओच्या टप्प्यात आणि वाटेतल्या यंत्रांत बराच वेळ मोडतो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तेव्हा ७२ मिलिसेकंदांच्या आत आलेले उत्तर लंडनहून आलेले असूच शकत नाही. एखाद्या परदेशी कंपनीचे संकेतस्थळ ४० मिलिसेकंदांत उत्तर देते असे आढळले, तर समजा की त्या कंपनीने आपल्या पानांची प्रत मुंबईसारख्या जवळच्या ठिकाणी ठेवली आहे. आणि कोणाकडे सुटीत लंडनचे पाहुणे आले असतील, तर त्यांच्या रोमिंगवरून मुंबईतल्या संगणकाला पिंग करा. मामेभावाच्या फोनवर आकडा कितीही लहान येवो, पाहुणीच्या फोनवर तो १४४ च्या खाली उतरणार नाही.